पुण्यात काहीतरी होईल

लातूर, नांदेड, परभणीहून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स पहाटे वाघोलीत थांबायला लागतात आणि खराडी, शिवाजीनगर, वाकड करत निगडीपर्यंत रिकाम्या होतात. उतरणाऱ्यांत चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट गाठायची घाई असलेला पोरगा असतो. हिंजवडीत लॅपटॉप घेऊन जाणारी मुलगी असते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आपली खुर्ची राखून ठेवलेला एमपीएससीवाला असतो. शिवाय एखादा असा असतो की ज्याच्याकडे ना ऑफर लेटर, ना प्रवेशपत्र. खिशात फक्त आधी आलेल्या गावकऱ्याचा मोबाइल नंबर. घरच्यांनी त्याला निरोप देताना एवढंच म्हटलेलं असतं, ‘जा पुण्याला, काहीतरी होईल.’

हे ‘काहीतरी’ अडाणीपणाचं वाटतं, पण त्यामागे बऱ्यापैकी पक्कं गणित आहे. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते १९७० मध्ये कागदावर मांडलं. त्यांच्यापुढचा प्रश्न आफ्रिकेतल्या शहरांचा होता. शहरात बेकारी उघड दिसते आहे, तरी खेड्यातली माणसं तिकडे का धावतात? त्यांचं उत्तर असं की माणूस आज हातात पडणाऱ्या पगाराकडे बघून निघत नाही, मिळू शकणाऱ्या पगाराकडे बघून निघतो. समजा, गावात महिन्याला दहा हजार नक्की सुटतात. शहरात पंचवीस हजारांची नोकरी आहे, पण ती मिळेल की नाही हे पन्नास-पन्नास. मनातल्या मनात शहराचा भाव साडेबारा हजार झाला. म्हणजे गावापेक्षा जास्तच. बॅग भरायला एवढं पुरतं. यातून एक विचित्र गोष्ट निघते. शहरात नव्या नोकऱ्या निघाल्या की बेकारी कमी होईलच असं नाही, कारण शंभर जागा निघाल्याची बातमी ऐकून तीनशे जण निघालेले असतात.

पुण्याच्या बाबतीत ही बातमी गेली साठ वर्षं सतत निघते आहे. २००१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या साधारण २५ लाख होती, २०११ मध्ये ती ३१ लाखांवर गेली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडची वाढ पाहिली तर डोळे विस्फारतात : १० लाखांवरून १७ लाखांपुढे, दहा वर्षांत सुमारे सत्तर टक्के. नुसत्या जन्मांनी एवढी वाढ होत नाही. ही उतरलेली माणसं आहेत.

या वाढीचं श्रेय हल्ली सरसकट आयटीला दिलं जातं, ते मला पटत नाही. पेन्शनरांचं शहर ही ओळख मिरवत असतानाच पुण्याच्या कडेला लोखंड तापायला लागलं होतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं आणि कामगारांची पहिली मोठी वसाहत त्या माळावर उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, जमीन, पाणी, वीज एका ठिकाणी मिळायला लागली आणि त्याच दशकात बजाज, टेल्को (आजची टाटा मोटर्स), भारत फोर्ज, कमिन्स हे सगळे मुंबईपासून रेल्वेने काही तासांवरच्या या पट्ट्यात स्थिरावले. मुंबईत जागा उरली नव्हती आणि बंदर मात्र हाताशी हवं होतं. घाट चढून आलं की दोन्ही साधत होतं.

टेल्कोच्या पुणे कारखान्याची जबाबदारी असलेल्या सुमंत मुळगावकरांनी प्रशिक्षणावर फार भर दिला. दहावी किंवा आयटीआय झालेला पोरगा ॲप्रेंटिस म्हणून आत जायचा आणि टर्नर, फिटर, टूलमेकर होऊन बाहेर पडायचा. त्यातले सगळे टेल्कोतच निवृत्त झाले नाहीत. काहींनी भोसरीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली, एक जुनी लेथ बसवली आणि ज्या कंपनीत शिकले तिचंच जॉबवर्क करायला सुरुवात केली. भोसरी एमआयडीसीत आजही फिरून बघा. एका शेडमध्ये सीएनसीवर शाफ्ट घासला जातोय, शेजारी हीट ट्रीटमेंट, पलीकडच्या गल्लीत ग्राइंडिंग, कोपऱ्यावर बेअरिंगचं दुकान आणि दुकानासमोर वडापावची गाडी. दुपारी मशीन बंद पडलं तर संध्याकाळपर्यंत सुटा भाग, तो बसवणारा मिस्त्री आणि तोवर तेच काम करून देणारा दुसरा शेडवाला, हे तिघंही पायी अंतरावर मिळतात.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच हे टिपून ठेवलं होतं. एका धंद्याचे लोक एका जागी गोळा झाले की तीन फायदे होतात : कसबी कामगार सहज मिळतात, पुरवठादार जवळ येतात आणि कसब एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप पसरतं. मार्शलने मालकाच्या बाजूने मांडलेली पहिली गोष्ट कामगाराच्या बाजूने बघितली की पुण्याचं सगळं आकर्षण उलगडतं. मालकाला जसे हवे तेव्हा कामगार मिळतात, तशाच कामगाराला हव्या तेव्हा कंपन्या मिळतात. गावाजवळच्या एकुलत्या एका साखर कारखान्यात चिकटलेल्या माणसाला तिथल्या साहेबाशी वाकडं घेता येत नाही. भोसरीतला सेटर मात्र ‘उद्यापासून येत नाही’ म्हणू शकतो, कारण समोरच्या शेडवर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ची पाटी लटकलेली त्याला रोज दिसते. लोक पहिल्या नोकरीसाठी पुण्यात येतात हे खरं, पण राहतात ते दुसऱ्या नोकरीच्या भरवशावर.

सगळं असं एका जागी गोळा होतंय, याची सरकारला कल्पना नव्हती असं नाही. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातच सगळं साचू नये म्हणून महाराष्ट्राने १९६४ मध्येच सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मागास भागात कारखाना काढा, सवलती घ्या. योजनेच्या नव्या नव्या आवृत्त्या निघाल्या, जिल्ह्या-तालुक्यांना अ, ब, क, ड अशा श्रेण्या लागल्या. काही ठिकाणी कारखाने आलेही. पण सवलतीने एक कारखाना नेता येतो, त्याच्या आजूबाजूच्या शेड, बेअरिंगवाला आणि नोकरी बदलण्याची सोय नेता येत नाही. त्यामुळे पट्टा सुटला नाही, फक्त लांबत गेला : पिंपरीतून चाकणला, चाकणमधून तळेगावला, नगर रस्त्याने रांजणगावला. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये चाकणला सुरू झाला तेव्हा तिथे सुटे भाग बनवणारे आधीच बसलेले होते.

आयटीची गोष्ट या पायावरची आहे. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली आणि दोन वर्षांत ती बेंगळुरूला गेली, याची हळहळ जुने पुणेकर अजून करतात. पण त्याच १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि माझ्या मते पुण्याच्या दृष्टीने ती घटना जास्त मोठी होती. १८५४ पासूनच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजच्या जोडीला शहराच्या चारी दिशांना खासगी कॉलेजं उगवली. बीड, जळगाव, यवतमाळची पोरं इथे चार वर्षं राहून शिकायला लागली. चार वर्षांत माणसाला शहर कळतं, मित्र होतात, खाणावळ ठरते. मग नोकरीसाठी तो गावाकडे कशाला बघेल? १९९० मध्ये देशातली पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स झाली त्यांत बेंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. सीडॅकने १९९१ मध्ये ‘परम’ हा महासंगणक इथेच केला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमआयडीसीने हिंजवडीत आयटी पार्क आखलं, २००२ पर्यंत मुंबईचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि ज्या शिवारात ऊस आणि भात होता तिथे काचेच्या इमारती आल्या.

या इमारतींत काम करणाऱ्यांपेक्षा त्यांच्यामुळे आलेले लोक जास्त आहेत, हे मात्र फारसं बोललं जात नाही. एन्रिको मोरेट्टी या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकन शहरांचा अभ्यास करून असा अंदाज काढला की उच्च तंत्रज्ञानातली एक नोकरी कालांतराने त्या शहरात आणखी पाच नोकऱ्या उभ्या करते, आणि त्या सगळ्या त्या तंत्रज्ञानाच्या बाहेरच्या असतात. आपल्याकडे आकडा पाचच असेल असं नाही, पण वाकडच्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर सकाळी सात ते नऊ उभं राहिलं की तत्त्व पटतं. दूधवाला, पेपरवाला, पोळ्यांच्या मावशी, गाड्या पुसणारा, पाळणाघर चालवणाऱ्या ताई, स्कूल व्हॅनचा ड्रायव्हर, पाण्याचा टँकर, रात्रपाळी संपवून निघालेला सिक्युरिटी गार्ड, आणि नऊनंतर दर पाच मिनिटांनी पार्सल घेऊन येणारी पोरं. यातलं कुठलंच काम गावी नसतं असं नाही. पण पोळ्या लाटण्याचे जे पैसे वाकडला मिळतात ते उदगीरला मिळत नाहीत. हात तेच, लाटणं तेच, फक्त समोरच्या घराचा पगार वेगळा. श्रीमंत शहरात गरिबाचं कामही महाग होतं. म्हणून कोडिंग न येणारा माणूसही आयटीच्या मागे शहरात येतो.

ढकलणारी बाजू सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एक आकडा सांगायलाच हवा. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबांच्या दहा एकरांचे वाटे होत होत नातवाच्या वाट्याला तीन एकर, त्यातही बांधाचा वाद. आणि आता सोयरिकीचा मामला त्याहून अवघड झालाय. मुलीकडचे शेती विचारतात, पण शेतीवाला मुलगा नको म्हणतात. ‘पुण्यात कंपनीत आहे’ एवढ्या शब्दांवर स्थळं येतात. कंपनी कुठली, कायम की कंत्राटी, हे बैठकीत कुणी फार खोदत नाही. कित्येक पोरांना पुण्याने आधी बायको दिली, नोकरी नंतर.

या सगळ्यात सरळ गावातून उठून महानगरात उडी मारणारे कमीच. अर्नेस्ट रॅव्हेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले होते. बहुतेक माणसं जवळच जातात आणि टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात, हे त्यातले दोन. आपल्याकडे हा प्रवास गाव, तालुका, लातूरची बारावी, मग पुणे असा होतो. प्रत्येक टप्प्यावर आधी गेलेला कुणीतरी लागतो. चिखली, दिघी, धनकवडी अशा भागांत वन आरकेच्या खोलीत चार-पाच पोरं ‘कॉट बेसिस’वर राहतात, त्यातली निम्मी एकाच तालुक्याची निघतात. नव्याने आलेल्याला पहिले पंधरा दिवस भाडं मागत नाहीत. कुठल्या ठेकेदाराकडे जायचं, कोण पगार बुडवतो, कुठली मेस पोटभर भाकरी देते, हे ज्ञान त्या खोलीतच मिळतं. हॅरिस-टोडारोच्या गणितात नोकरी मिळण्याची शक्यता हा जो आकडा आहे तो या खोलीत वाढतो. एका गावचे दहा जण आले की अकराव्याचा धोका कमी होतो, आणि मग एक अख्खं गाव एका उपनगरात सापडायला लागतं. ज्यांची अशी खोली नसते त्यांना पहिला आधार मजूर अड्ड्याचा. सकाळी चौकात उभं राहायचं, मुकादम आला तर दिवस भरला.

पगाराने सगळं उलगडत नाही, कारण पगारात न बसणारी एक गोष्ट शहर देतं. जाहिरातींत तिला ‘लाइफस्टाइल’ म्हणतात आणि सोबत स्विमिंग पूलचा फोटो लावतात. माझा अनुभव असा की नव्याने आलेल्यांना विचारलं तर ते मॉलचं नाव क्वचित घेतात. मुली म्हणतात, इथे रात्री आठला रूमवर आलं तरी कुणी विचारत नाही. स्कार्फ बांधून स्कूटरवर निघालेली मुलगी कुठल्या गावची, कुणाची, हे सिग्नलला उभ्या असलेल्या कुणालाच माहीत नसतं, आणि या माहीत नसण्यातच तिची सगळी मोकळीक आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचं गुणगान करणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला होता. ज्यांना गावात आपली जागा रोज दाखवली जाते, त्यांच्यासाठी शहराची गर्दी हीच सुखसोय असते. अर्थात शहराने जातीचा तो हिशेब पुसलेला नाही. भाड्याने खोली बघायला गेलं की ‘आडनाव काय?’ हा प्रश्न पुण्यातही येतो, फक्त चहा दिल्यानंतर.

सदाशिव आणि नवी पेठेतलं एमपीएससीचं जग याच मोकळिकीवर उभं आहे. जागा शेकड्यांत, उमेदवार लाखांत. नुसत्या शक्यतेच्या हिशेबाने हा धंदा आतबट्ट्याचा. पण गावात पंचविशीतला मुलगा चार वर्षं पुस्तक घेऊन बसला तर घरावरून जाणारा प्रत्येक जण त्याला ‘काय चाललंय मग?’ विचारतो. पेठेत त्याच्या आजूबाजूची पाचशे पोरं तेच करत असतात. महिन्याची मेस, अभ्यासिकेची फी, मध्यरात्रीच्या चहाची टपरी आणि निकालाच्या दिवशी एकत्र गप्प बसायला माणसं, एवढ्या भांडवलावर तो तग धरतो. परीक्षेचं वय निघून गेलेले बरेच जण परत जात नाहीत. कुणी क्लासमध्ये शिकवतो, कुणी बँकेच्या वसुलीत लागतो, कुणी स्वतःची अभ्यासिका काढतो. म्हणजे शेवटी ‘काहीतरी’ होतंच, पण ठरवलं होतं ते नव्हे.

आता या आकर्षणाची किंमत. ती मुख्यतः जागेच्या, पाण्याच्या आणि वेळेच्या रूपात मोजावी लागते. पगार वाढला की भाडं वाढतं. ते परवडत नाही म्हणून माणूस एक स्टॉप पुढे सरकतो, आणि वाचवलेलं भाडं दिवसाच्या दोन-तीन तासांत फेडतो. वाघोलीला फ्लॅट स्वस्त पडतो याचं कारण नगर रस्त्यावरचा ट्रॅफिक त्या किमतीतून आधीच वजा झालेला असतो. पुण्याच्या मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले मार्च २०२२ मध्ये, म्हणजे हिंजवडीत लोक कामाला जायला लागून वीसेक वर्षं झाल्यावर. तोवर प्रत्येकाने आपापली दुचाकी घेऊन टाकली होती.

कारभार तर त्याहून मागून येतो. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं घेतली गेली, हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, पण माणसं तिथे कधीच राहायला आली होती आणि नळ यायचे होते. जानेवारी २०२५ मध्ये गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पसरली ती मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात. त्यातली किरकटवाडी आणि इथलंच नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे) ही गावं याच २३ मधली. संशय पाण्यावर गेला. लाखालाखाचे हप्ते भरणारी माणसं त्या महिन्यात पाणी उकळून पीत होती. चाकणच्या कंत्राटी पोराची किंमत आणखी वेगळी आहे : काही महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवा गेटपास, आणि शेजारी तेच काम करणारा कायम कामगार त्याच्या दुप्पट-तिप्पट पगार घेतो हे रोज डोळ्यांसमोर.

एवढं सोसून लोक निघून का जात नाहीत? कोरोनाच्या काळात २०२० मध्ये त्याची एक चाचणी झाली. हजारो जण लॅपटॉप घेऊन गावी गेले. माळवदावर रेंज शोधत मीटिंगा झाल्या, आईच्या हातचं जेवण मिळालं, भाडं वाचलं. तेव्हा बऱ्याच लेखांतून शहरांचा शेवट जाहीर झाला होता. पण ऑफिसं उघडली तशा ट्रॅव्हल्स पुन्हा भरून आल्या. त्यामागे कंपनीचा आग्रह होताच, पण मुलांच्या शाळा पुण्यात होत्या, आईच्या गुडघ्याचा डॉक्टर पुण्यात होता, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाची नोकरीही पुण्यातच होती.

या शेवटच्या कारणाला मी सगळ्यात जास्त वजन देतो. नवरा-बायको दोघंही कमावते असतील तर शहर निवडताना एकाच वेळी दोन नोकऱ्या शोधाव्या लागतात. नवऱ्याला नाशिकला बढती मिळते, पगार तोच, घर स्वस्त, हवा चांगली, द्राक्षं घरपोच. पण बायको क्लिनिकल रिसर्चमध्ये किंवा गाड्यांच्या डिझाइनमध्ये असेल तर तिच्या तोडीची जागा तिथे निघायला किती वर्षं लागतील? पुण्यात तिने आजवर तीन कंपन्या बदलल्या, प्रत्येक वेळी पगार वाढवून, आणि घर बदलावं लागलं नाही. त्यामुळे बढती नाकारली जाते, किंवा नवरा सोमवारी पहाटे शिवाजीनगरहून नाशिकची एसटी पकडतो आणि शुक्रवारी रात्री परत येतो. गृहकर्जाचा हप्ता दोन पगारांवर बेतलेला असतो, आणि दोन पगार एका गावात देणारी शहरं महाराष्ट्रात अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.